मॅग्नेटोला विसरायला लावू नका

मार्व्हल कॉमिक्सच्या एक्स-मेन विभागातील संपादक, लेखक आणि चित्रकार यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या येत्या अंकांची यादी साधारण तीन महिने आधी जाहीर होते. ती आली की मी सगळ्यात आधी एकच नाव शोधतो, मॅग्नेटो, नुसत्या इच्छेने धातू हलवणारा. लाल शिरस्त्राण आणि जांभळा झगा एखाद्या मुखपृष्ठावर दिसला की पुढचा प्रश्न मनात येतो. या वेळी तो एक्स-मेनच्या, म्हणजे जन्मजात विलक्षण शक्ती लाभलेल्या 'म्युटंट' वीरांच्या, पाठीशी उभा आहे की त्यांच्यासमोर? आणि मागच्या मालिकेत त्याने जे केले, जे भोगले, जे स्वतःच्या तोंडाने कबूल केले, ते या वेळी त्याला आठवणार आहे का?

हे पत्र त्या शेवटच्या प्रश्नासाठी आहे. मॅग्नेटोला सज्जन करा असे मी सांगत नाही, आणि त्याला पुन्हा खलनायक करू नका असेही सांगत नाही. त्याने चुकावे, भडकावे, एखाद्या शहरावरचे पोलादी पूल उचलून धरावेत, एक्स-मेनचा म्होरक्या सायक्लॉप्सशी भांडावे. पण ते सगळे करताना तो आपला भूतकाळ जाणणारा माणूस असावा. येत्या अंकांत तो जिथे जिथे येईल, तिथे तो पूर्ण स्मृतीनिशी यावा, एवढीच माझी मागणी आहे.

१९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'द एक्स-मेन'च्या पहिल्याच अंकात त्याला आणला तेव्हा त्याला भूतकाळच नव्हता. तो केप सिटाडेलचा क्षेपणास्त्र तळ ताब्यात घेतो, शाळकरी पोरांशी लढतो आणि पळून जातो. पुढे त्याने जमवलेल्या टोळीच्या नावातच 'दुष्ट' हा शब्द होता. त्या कथांतल्या चित्रांची ताकद मला मान्य आहे, पण त्या मॅग्नेटोसाठी कुणी पत्र लिहिले नसते.

तो माणूस झाला १९८१ मध्ये, 'अनकॅनी एक्स-मेन'च्या १५०व्या अंकात. ख्रिस क्लेरमाँट यांचे लेखन, डेव्ह कॉक्रम यांची चित्रे. मॅग्नेटो जगातल्या सगळ्या देशांना अण्वस्त्रे नष्ट करायला सांगतो. सोव्हिएत पाणबुडी 'लेनिनग्राड' त्याच्यावर क्षेपणास्त्रे डागते आणि तो ती पाणबुडी आतल्या खलाशांसकट समुद्राच्या तळाशी पाठवतो. मग एक्स-मेन येतात. झटापटीत त्यांच्यातली सगळ्यात लहान किटी प्राइड त्याची यंत्रणा उद्ध्वस्त करते आणि संतापाच्या भरात तो तिच्यावर वार करतो. ती कोसळते. तो जवळ जातो आणि त्याच्या लक्षात येते की आपण एका लहान मुलीवर हात टाकला आहे. ज्याने ऑशविट्झमध्ये आपली माणसे गमावली, तो स्वतः एका मुलीला जवळजवळ ठार मारून बसला आहे. त्या क्षणी त्याला हरवणारी शक्ती एक्स-मेनमधल्या कुणाचीच नसते. त्याची स्वतःची आठवण त्याला हरवते.

मी ते पान कितीदा वाचले असेल! मारामारीच्या कॉमिक्समध्ये खलनायक थांबतो तो त्याच्यापेक्षा बलवान कुणी भेटला म्हणून. इथे तो थांबला, कारण त्याने स्वतःला ओळखले. गेल्या चाळीसहून अधिक वर्षांत तुमच्या लेखकांनी मॅग्नेटोवर जे जे चांगले लिहिले, ते त्या पानातून फुटलेले आहे.

क्लेरमाँट यांनी मुलाखतीत या पात्राबद्दल बोलताना मेनाखेम बेगिन यांचा दाखला दिला आहे. ब्रिटिशांच्या लेखी एकेकाळी दहशतवादी असलेला माणूस इस्राएलचा पंतप्रधान होतो आणि १९७८ मध्ये अन्वर सादात यांच्यासोबत शांततेचे नोबेल स्वीकारतो. मॅग्नेटोला असाच लांबचा प्रवास घडवावा असे त्यांच्या मनात होते. आणि त्यांनी तो घडवायला सुरुवातही केली. १९८२च्या 'गॉड लव्ह्ज, मॅन किल्स'मध्ये तो एक्स-मेनच्या खांद्याला खांदा लावून धर्मांध स्ट्रायकरविरुद्ध उभा राहतो. १९८५ मध्ये, १९९व्या अंकात, तो किटीसोबत वॉशिंग्टनला ज्यू नरसंहाराच्या स्मृतिसोहळ्याला जातो. तिथे छळछावणीतून वाचलेली, त्याला ओळखणारी माणसे भेटतात. त्याला पकडायला सरकारी म्युटंट येतात, तेव्हा तो पळू शकत असतानाही शरण जातो. दोनशेव्या अंकात पॅरिसमध्ये त्याच्यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला चालतो. तो मध्येच उधळला जातो, आणि एक्स-मेनचा संस्थापक, मरणासन्न चार्ल्स झेवियर आपली शाळा आणि मुले आपल्या या सर्वांत जुन्या शत्रूच्या हवाली करतो.

इथवर सारे नीट चालले होते. पुढे जे झाले त्याबद्दल मला मनापासून तक्रार आहे, आणि ती आजच्या संपादकांकडे करायची, कारण सवय अजून सुटलेली नाही.

शाळेचा मुख्याध्यापक म्हणून मॅग्नेटो धडपडतो, चुकतो, मुलांचा विश्वास गमावतो. त्यांच्यातला डग रॅम्सी मरतो. हे सगळे उत्तम होते, कारण चांगले वागायचे ठरवलेल्या माणसाला ते जमतेच असे नाही. पण १९८९ मध्ये याच मुलांच्या 'न्यू म्युटंट्स' मालिकेच्या ७५व्या अंकात तो सांगून टाकतो की हा सगळा डावच होता. म्हणजे शरणागती, खटला, किटीपुढची ती मान खाली घालणे, सगळे एका अंकात रद्द. १९९१ मध्ये क्लेरमाँट आणि जिम ली यांची नवी 'एक्स-मेन' मालिका आली. पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती दुकानदारांनी उचलल्या. त्याच कथेत कळते की मॅग्नेटो एकदा, १९७० च्या दशकातल्या कथांत, तान्हे बाळ झाला होता तेव्हा शास्त्रज्ञ मोयरा मॅकटॅगर्टने त्याच्या शरीरात फेरफार केला होता, म्हणजे त्याचा चांगुलपणा त्याचा नव्हताच अशी शंका उभी राहते. पण तिसऱ्या अंकात क्लेरमाँट ती शंका फेटाळून लावतात. म्युटंटने आपली शक्ती वापरली की असा फेरफार टिकत नाही, म्हणजे मॅग्नेटोने जे केले ते सगळे त्याने स्वतः ठरवून केले होते. क्लेरमाँट यांचा त्या पर्वातला हा शेवटचा अंक. सोळा वर्षे लिहिलेली मालिका सोडताना त्यांनी मॅग्नेटोच्या चुका आणि त्याचा पश्चात्ताप दोन्ही त्याला परत देऊन टाकले. एखाद्या लेखकाने पात्रावर याहून मोठे प्रेम काय करावे?

दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, पंचविसाव्या अंकात मॅग्नेटो वुल्व्हरिनच्या अंगातला धातू ओढून काढतो आणि झेवियर त्याचे मन पुसून टाकतो. मग जोसेफ नावाचा तरुण येतो, मॅग्नेटोसारखाच दिसणारा आणि काहीही न आठवणारा. पुढे तो क्लोन निघतो. २००१ मध्ये जेनोशा या म्युटंटांच्या बेटावर सेंटिनेल, म्हणजे म्युटंटांना मारायला बनवलेले यंत्रमानव, १ कोटी ६० लाख म्युटंट मारतात. ग्रँट मॉरिसन यांच्या मालिकेच्या अखेरीस मॅग्नेटो न्यू यॉर्क उद्ध्वस्त करणारा माथेफिरू होतो आणि त्याचे डोके उडवले जाते. थोड्याच दिवसांत तुम्ही सांगता की तो मॅग्नेटो नव्हताच. पटापट मागे घेतलेल्या या निर्णयांची सवय वाचकाला लागते, आणि मग तो पात्राच्या कोणत्याच कृतीवर विश्वास ठेवीनासा होतो. पुढच्या अंकात हेही खोटे ठरेल, मग आज कशाला रडायचे, असे त्याला वाटू लागते. मालिका विकण्याच्या दृष्टीनेही ही फार वाईट गोष्ट आहे.

त्याच्या मुलांचेही तेच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वांडा आणि पिएत्रो ही त्याची मुले होती. तीस वर्षे वाचकांनी ते नाते मनात धरले. २०१४ च्या 'ॲक्सिस'मध्ये कळते की तो त्यांचा बाप नाहीच. चित्रपटांच्या हक्कांशी वाचकांनी त्याचा संबंध जोडला. कारण काहीही असले तरी एका बापाच्या तीन दशकांच्या अपराधभावाला त्यामुळे काही अर्थ उरला नाही. ॲनिया मात्र अजून त्याची आहे. मॅग्डापासून झालेली ही थोरली मुलगी विनित्सियात आगीत गेली, आणि जमावाने त्याला तिच्यापर्यंत पोहोचू दिले नाही. १९८७ मधली ती छोटी कथा जॉन बोल्टन यांनी काढली आहे. येत्या काळात कुणी ॲनियालाही 'सुधारायला' निघाले तर कृपया त्यांना थांबवा.

आता त्याच्या ज्यू असण्याबद्दल. १९९३ मध्ये त्याचे नाव एरिक लेन्शर आणि त्याचा समाज सिंटी (रोमा लोकांची एक शाखा) असे छापले गेले. नंतर ती बनावट ओळख असल्याचे सांगून त्याचे ज्यूपण परत आणले. २००८-०९ मध्ये ग्रेग पाक आणि कार्मिने दी जानदोमेनिको यांनी 'मॅग्नेटो: टेस्टामेंट' केले, आणि माझ्या मते ते तुमच्या प्रकाशनाने काढलेल्या सर्वांत प्रामाणिक पुस्तकांपैकी एक आहे. पाच अंकांत कुणी उडत नाही. न्युरेंबर्गमधला मॅक्स आयझनहार्ट नावाचा शाळकरी मुलगा भाला फेकतो, सोनाराच्या घरात वाढतो, मग वॉर्सा, मग ऑशविट्झ. तिथे तो झोंडरकोमांडोत अडकतो, म्हणजे प्रेते जाळण्याच्या कामाला जुंपलेल्या कैद्यांत. ७ ऑक्टोबर १९४४ रोजी बिर्केनाऊत त्या कैद्यांनी खरोखर उठाव केला होता, आणि तो या कथेत आहे. त्या कैद्यांपैकी झाल्मन ग्राडोव्स्की यांच्यासारख्यांनी लिहून जमिनीत पुरलेले कागद युद्धानंतर खरोखर सापडले. मॅक्सही तसाच कागद पुरतो आणि १९४८ मध्ये तो काढायला परत जातो. शेवटच्या अंकात दीना बॅबिट यांची खरी कहाणी नील ॲडम्स यांच्या चित्रांतून येते. ऑशविट्झमधला नाझी डॉक्टर मेंगेले याच्या हुकमावरून या बाईंना छावणीतल्या रोमा कैद्यांची चित्रे काढावी लागली, आणि ती चित्रे पुढे ऑशविट्झच्या संग्रहालयाने त्यांना परत दिली नाहीत.

हे मी मराठीत लिहितो आहे म्हणून एक गोष्ट सांगतो. आमच्या कोकणात, अलिबाग आणि पनवेलच्या आसपास, बेने इस्राएली समाज शतकानुशतके राहत आला. मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेलेले हे ज्यू. १९४८ नंतर त्यातले बरेच इस्राएलला गेले, तिथेही त्यांनी मराठी जपली. त्यांच्याविरुद्ध इथे कधी दंगा उसळल्याचे ऐकिवात नाही. त्यामुळे युरोपात जे घडले ते पुस्तकातूनच समजून घ्यावे लागलेल्या आमच्यासारख्यांसाठी मॅक्स आयझनहार्ट हा फार मोठा शिक्षक आहे. माझ्या ओळखीत काही जणांनी झोंडरकोमांडो हा शब्द प्रथम वाचला तो याच कॉमिक्समध्ये. त्याच्या जन्मकथेत तुम्ही काय ठेवता आणि काय काढता, याने अशा वाचकांना काय कळते ते ठरते.

इथे तुमची अडचण मला दिसते. १९३५ साली शाळकरी असलेला मुलगा आज शंभरीच्या घरात असणार. बाकीच्या पात्रांचे वय तुम्ही पुढे सरकवू शकता. आयर्न मॅनची जखम व्हिएतनाममधून अफगाणिस्तानात नेता येते. ऑशविट्झ कुठेही नेता येत नाही. मग सोपा रस्ता म्हणून त्याला दुसऱ्या एखाद्या, अलीकडच्या कत्तलीतून वाचलेला करावा अशी सूचना अधूनमधून होते. जगात अशा कत्तली कमी नाहीत, आणि त्यातून वाचलेल्यांच्या कथा जरूर याव्यात, नव्या पात्रांच्या रूपाने. पण मॅग्नेटोचा इतिहास काढून घेऊ नका. त्याचे वय कमी कसे हे समजावणारी गोष्ट तुमच्याकडे १९७० च्या दशकापासून आहे. तो एकदा बाळ झाला आणि पुन्हा मोठा केला गेला. तेवढे पुरे आहे. नाही तरी, शंभर वर्षांची आठवण बाळगणारा माणूस तिशीतल्या म्युटंटांमध्ये वावरतो, यात किती कथा दडल्या आहेत!

अल् युइंग यांना ते समजले. २०२२ च्या 'एक्स-मेन रेड'मध्ये मॅग्नेटो म्युटंटांचे बेट-राष्ट्र क्राकोआ इथली सत्ता सोडून अराक्कोवर, म्हणजे मंगळावर जातो. क्राकोआवर मेलेल्या म्युटंटांना पुन्हा जिवंत करत, पण तो हक्क त्याने आधीच सोडलेला असतो. युरेनोस हा खलनायक त्याचे हृदय उद्ध्वस्त करतो तेव्हा तो आपल्या शक्तीने अंगातले रक्त फिरते ठेवतो, लढतो आणि मग मरतो. ज्या काळात क्राकोआवर मरण म्हणजे चार दिवसांची गैरसोय झाली होती, त्या काळात हे मरण खरे वाटले. २०२४ मध्ये युइंग आणि लुचानो वेक्किओ यांनी चार अंकांत त्याला परत आणले. एक्स-मेनमधली स्टॉर्म त्याला घ्यायला मृत्यूपलीकडे जाते, आणि परतण्याआधी त्याला आपल्या आयुष्याचा हिशोब स्वतःपुढे मांडावा लागतो. पात्र परत आणायचे तर असे आणावे.

त्यानंतरच्या जेड मॅके यांच्या मालिकेची सुरुवातही मला आवडली. अलास्कातले मर्ल गाव, सेंटिनेलच्या जुन्या कारखान्यातला एक्स-मेनचा तळ, आणि खुर्चीत बसलेला, शक्ती हातातून निसटत चाललेला मॅग्नेटो. झेवियरची खुर्ची म्हातारपणी त्याच्या वाट्याला आली. सगळ्यांना अजून त्याची भीती वाटते आणि त्याला स्वतःला मात्र माहीत आहे की आपल्याकडे आता फक्त नाव उरले आहे. यातून पुढे कितीतरी करता येईल. घाईने त्याला बरा करून पुन्हा आकाशात उडवले तर ते वाया जाईल.

घाई होण्याची भीती मला वाटते, कारण चित्रपट येतो आहे. 'ॲव्हेंजर्स: डूम्सडे'मध्ये इयान मॅकेलन पुन्हा मॅग्नेटो होणार आहेत आणि मलाही त्याचा आनंद आहे. पण पडद्यावरच्या रूपाशी कॉमिक्स जुळवून घेण्याचा मोह तुम्हाला होतो हे आम्ही पाहिले आहे. २०१२ मध्ये सॅम्युअल जॅक्सनसारखा दिसणारा दुसरा निक फ्युरी (तुमचा गुप्तहेर) अचानक उगवला तो त्यातूनच. चित्रपट पाहून नवा वाचक दुकानात येईल, त्याला ओळखीचा, साधा, झगा फडकवणारा खलनायक द्यावा असे कुणाला वाटेल. त्या वाचकाला कमी लेखू नका. २०२४ मध्ये 'एक्स-मेन ९७' या ॲनिमेशन मालिकेने दोनशेव्या अंकाचा खटला नव्याने मांडला, शाळा मॅग्नेटोच्या हाती दिली, जेनोशा दाखवले. ज्यांनी आयुष्यात कॉमिक्स हातात घेतले नव्हते असे माझ्या भोवतालचे लोकही ते भाग बघून अस्वस्थ झाले होते. गुंतागुंतीचा मॅग्नेटो सामान्य प्रेक्षकाला पेलतो.

म्हणून येत्या अंकांसाठी मला एक नेमकी गोष्ट मागायची आहे. पॅरिसचा खटला पुन्हा उभा करा. २०२१ मध्ये तुम्ही 'ट्रायल ऑफ मॅग्नेटो' नावाची मालिका काढली, पण ती वांडाच्या मृत्यूबद्दल होती. १९८५ चा खटला तसाच लोंबकळतो आहे. त्या वेळी न्यायालयाने तो बाळ होण्याआधीचे गुन्हे बाजूला ठेवले होते. उरला 'लेनिनग्राड'. त्या खलाशांना नावे नाहीत, चेहरे नाहीत, त्यांच्या घरच्यांना आम्ही कधी पाहिले नाही. ज्या माणसाने आपल्या मेलेल्यांची नावे आयुष्यभर जपली, त्याने आपण मारलेल्यांची नावे ऐकावीत. आज तो म्हातारा आहे, आजारी आहे, एकदा मरून आला आहे. आताच ही कथा शोभेल. निकाल काय द्यायचा ते तुमचे लेखक ठरवतील. त्याला शिक्षा झाली तरी मी अंक घेईन.

साक्षीदारांत पहिले नाव मात्र किटी प्राइडचे असू द्या. तिच्यावर त्याने हात उगारला आणि तीच त्याला वॉशिंग्टनला घेऊन गेली. ती आता मोठी झाली आहे, तिने बरेच काही पाहिले आहे, आणि त्याच्या बाजूने बोलायचे की विरुद्ध, हे ठरवायला तिला एक अख्खा अंक लागेल. तो अंक तिला द्या.

आपला,
एक जुना वाचक